अर्जाचं पहिलं पान

मालाड,
रविवार, ५ मे १९७४

हरेश्वर,

'प्रिय' लिहिणार नाही. खोटं कशाला लिहायचं?

तू हर्णैला मामाच्या बोटीवर गेलास हे मला धाकूकडून कळलं. म्हणजे टेम्पोवाल्याकडून. तीन महिने रोज संध्याकाळी तुझ्या ओट्यावर बसून आपण गल्लीचा हिशोब लिहिला, किती गाड्या परत पाठवल्या, किती पोरं रस्त्यावर खेळली, आणि तू गेलास ते मला काच पुसता पुसता धाकू सांगतो. "हरेश्वर गेला ना परवा एस्टीनं. तुला सांगितला नाय?" मी म्हटलं, सांगितलंय. काय म्हणणार होते?

मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहिलं तर तू म्हणशील हिनं परत काहीतरी घुसडलं.

तर ऐक. गल्लीत मोटारी अडवायला ठेवलेले ड्रम गेले. गुरुवारी सकाळी म्युनिसिपालिटीची गाडी आली, माणसांनी ड्रममधली रेती तिथेच रस्त्यावर ओतली आणि रिकामे ड्रम वर फेकले. नाक्यावरचा आणि मागच्या टोकाचा, दोन्ही बोर्ड काढले. 'मोटार वाहनांस बंद' मधला 'बंद' तूच परत रंगवला होतास ना, पेंटरचा फिका पडला म्हणून? तोही गेला. दहाच्या आत पहिला रेतीचा ट्रक आला. नाक्यापासून मागच्या बिल्डिंगांपर्यंत हॉर्न वाजवत गेला, जसं काही वरातच काढली होती आपल्या नाकावर टिच्चून.

शकु त्या वेळी रस्त्यावर चुन्यानं ठिकरीचे चौकोन काढत होती. ट्रक लांब होता, काही झालं नाही, घाबरू नकोस. पण ती पळाली नाही. जागच्या जागी बसली आणि दोन्ही हातांनी पाय धरला. तोच पाय. नोव्हेंबरात गाडीनं मोडलेला. मी धावत जाऊन तिला उचललं तर मला विचारते, "जयाताई, ट्रायल संपली?" सहा वर्षांची पोर, तिला ट्रायल हा शब्द आपण शिकवला. तुझ्या सख्ख्या भावाची मुलगी आहे ती. तिच्यासाठीच केलं होतं ना आपण सगळं? मग त्याआधीच्या शनिवारी त्या हॉलमध्ये उभा राहून तू काय केलंस?

मला पुन्हा पुन्हा तेच आठवतं. म्युनिसिपल शाळेचा हॉल, वॉर्ड ऑफिसचे साहेब टेबलाशी, आपली गल्ली सगळी बाकांवर कोंबलेली. साहेब आपल्या बाजूनं होते. पेट्रोल एवढं महागलंय, मोटारी कमीच व्हायला हव्यात, तुमची गल्ली सबंध मुंबईला दाखवू, असं मला आधीच म्हणाले होते. तू फक्त उठून म्हणायचं होतंस की गल्लीला हे कायमचं हवंय. दोन वाक्यं. मी तुझ्याकडून घोकून घेतली होती.

आणि तू साहेबांकडे आपला अर्ज मागितलास. उभ्या उभ्या पहिलं पान वाचलंस, बोट ठेवून, एकेक शब्द. तुला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, सगळे थांबले. मला वाटलं तू भाव खातोयस. मग तू पान खाली ठेवलंस आणि म्हणालास, "साहेब, या कागदावर मी सही केलेली नाही. माझी सही परत द्या."

दशरथकाका उठले. ते तुमच्या जमातीचे पाटील, ते उठले म्हटल्यावर सगळेच उठले. सह्या करणारे बासष्टच्या बासष्ट, सगळ्यांनी सह्या परत मागितल्या. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

टेम्पोची ओळ साहेबांनी कापायला लावली होती, हरेश्वर. मी नाही. ऑफिसचा कारभार असाच असतो. तुला एकदा मला एकटीला विचारता आलं असतं. सगळ्यांसमोर माझी वाट लावायची काय गरज होती?

उत्तर दे.

जया


मालाड,
रविवार, १२ मे

हरेश्वर,

उत्तर नाही. आई म्हणते रेल्वेचा संप आहे, टपाल अडकलं असेल. मी म्हटलं, आई, हर्णैला रेल्वे जातेच कुठे? तेव्हा ती कारणं राहू दे.

तुला राग आहे तो आहे, पण पूर्ण गोष्ट ऐकून घे. फेअर म्हणून.

जानेवारीत तुझ्या ओट्यावर मी अर्ज मराठीत वाचून दाखवला, आठवतं? इंग्रजीतून सरळ मराठी करत. त्यात ती ओळ होती. 'पहाटे पाच ते सात मासळीच्या टेम्पोला गल्लीत येण्याची मुभा असावी.' दशरथकाकांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. म्हणाले, कोळणी टोपल्या डोक्यावर घेऊन खाडीपासून नाक्यापर्यंत चालल्या तर मार्केटला पोचायच्या कधी? मग तू मध्ये पडलास. टेम्पो बंद होणार नाही, हा माझा शब्द, म्हणालास. तेव्हा कुठे सह्या झाल्या, अंगठे झाले. सह्यांचं पान वेगळं होतं. दुसरं.

दोन दिवसांनी मी वॉर्ड ऑफिसला गेले. तू बोटीवर होतास, मी एकटीच गेले. साहेबांनी वाचलं, छान म्हणाले, इंग्रजी कुठे शिकलीस विचारलं. मग म्हणाले, एक सवलत ठेवली की दहा येतात. आज मासळी, उद्या दूध, परवा सिमेंट. वरचे लोक हा अर्ज परत पाठवतील. ही ओळ काढ, स्वच्छ अर्ज दे, एक तारखेपासून ट्रायल सुरू करतो. टेम्पोचं नंतर तोंडी बघू.

एक तारीख, हरेश्वर. आठ दिवस राहिले होते. मी कॉलेजच्या लायब्ररीत त्या मासिकात हॉलंडच्या मोटारबंद गल्लीचे फोटो बघितले तेव्हापासून, आणि शकुला प्लास्टर घातलं तेव्हापासून, मी दुसरं काही बघतच नव्हते. मला दिसत होतं, आपली गल्ली, मधोमध मुलं, कडेला बायका जाळी विणतायत. आणि झालंही तसंच ना? फेब्रुवारीत तुमच्या गजाननच्या हळदीला अख्ख्या रस्त्यात मांडव पडला, कोणाला एक मिनिट उठावं लागलं नाही. माझे बाबा, जे मिलमधून आल्यावर खुर्ची सोडत नाहीत, ते बाहेर येऊन बसायला लागले. झकास होतं सगळं. तू स्वतः म्हणालास झकास आहे.

तर मी टायपिंगच्या क्लासला गेले आणि पहिलं पान परत टाइप केलं. ती ओळ सोडून. सह्यांचं पान तेच ठेवलं आणि टाचणी लावली.

मी म्हटलं होतं साहेबांनी कापायला लावली. लावलीच. पण कापली मी.

हे तुला सांगायचं राहून गेलं. मला खरंच वाटलं होतं आठ दिवसांत तोंडी परवानगी येईल आणि मग सांगायची गरजच नाही.

जया


सोमवार, २० मे

आज मी तुझ्या आईकडे गेले होते. लोक बघत होते, तरी गेले.

सोनूबाई सुकट पाखडत होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मी विचारलं मार्केटला का गेला नाहीत, तर म्हणाल्या, "बसू कुठं?"

हरेश्वर, त्यांची जागा गेली हे मला माहीत नव्हतं. आई शप्पथ. मार्केटच्या भिंतीलगतची ती जागा आधी त्यांच्या सासूची होती, हे तूच सांगितलं होतंस. ट्रायल चालू असताना टेम्पो नाक्यावर उभा राहायचा, तिथला हवालदार त्याला पाच मिनिटं थांबू द्यायचा नाही, यांची दुसरी टोपली येईपर्यंत टेम्पो निघून जायचा. मग बस, नाहीतर पायी. रोज तासभर उशीर. मार्चमध्ये एक दिवस जाऊन बघतात तर जागेवर दुसरी बाई. त्या बाईचं म्हणणं, तू वेळेवर येत नाहीस, जागा काय रिकामी ठेवायची? भांडण झालं. सोनूबाई आता मार्केटच्या मागे उभ्या राहून विकतात, तिथे नेहमीची गिऱ्हाइकं फिरकत नाहीत.

आणि तू मला हे सांगितलं नाहीस. रोज भेटत होतास ना? मी गाड्या मोजत होते आणि तू नुसता विचारायचास, "परवानगीचं काय झालं?" मी म्हणायचे येतेय. तू ते ऐकून दशरथकाकांना जाऊन सांगायचास, येतेय. दर आठवड्याला.

मी हे सगळं सोनूबाईंना बोलून दाखवलं. म्हटलं, तुमच्या मुलानं मला फसवलं, मला काहीच कळू दिलं नाही आणि ऐन वेळी सगळ्यांसमोर पाडलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पोरी, तुझा नाव तरी घेतला काय त्यानी?"

मी म्हटलं, म्हणजे?

तेव्हा कळलं. हॉलमधून परत आल्यावर त्याच रात्री जमात बसली. दशरथकाकांनी तुला विचारलं, शब्द तू दिलास, ओळ गेली कशी? तू म्हणालास, इंग्रजी कागद मी नीट वाचला नाही, चूक माझी. पान बदललं हे तुला कळलं होतं ना? सह्यांच्या पानाला टाचणीची दोन भोकं होती आणि पहिल्या पानाला एकच, ते तू हॉलमध्ये बोट लावून बघितलंस, मी बघत होते. तरी तू म्हणालास चूक माझी. जमातीनं सांगितलं, वर्षभर तू कोणाच्या वतीनं बोलायचं नाहीस, बैठकीला बसायचं नाहीस. आणि तू उठून गेलास. हर्णैला.

सोनूबाई म्हणाल्या, "तुमची बिल्डिंगवाली माणसा. तुमच्यावर जमातीचा काय चालणार? म्हणून तो गप बसला."

घरी येऊन मी आधी रडले. मग मला राग आला. तो अजून आहे.

तुला वाटत असेल तू मला वाचवलंस. मला विचारून वाचवलंस का? घरच्या माणसानं असं केलं असतं तर तुम्ही त्याला समोर उभा करून जाब विचारला असता. तुझ्या धोंडूकाकांना विचारला होता, जाळ्यावरून, तूच सांगितलं होतंस. मला विचारला नाहीत. कारण मी पाहुणी. माझे बाबा मालवणातून आले, आम्ही बिल्डिंगमध्ये राहतो, मी कॉन्व्हेंटात शिकले, म्हणून मी तीन महिने तुमच्या ओट्यावर बसले तरी पाहुणीच. तू मला माफ केलं नाहीस, हरेश्वर, तू मला मोजलंच नाहीस. ह्याच्यापेक्षा हॉलमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन ओरडला असतास तर बरं झालं असतं.

जया


सोमवार, २७ मे

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, तुला मला एकदा विचारता आलं असतं.

आईनं आज विचारलं, सारखी पत्रं कोणाला लिहितेस. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, तांदूळ निवडत. मध्ये एकदाच म्हणाली, "आणि त्यानं तुका काय्येक विचारूक नाय?" मी म्हटलं नाही. आणि मग मला ते परत म्हणता येईना.

तू विचारलंस. शुक्रवारी, सभेच्या आदल्या संध्याकाळी. मी नोटीस बोर्डसाठी कागद कापत होते, तू आमच्या जिन्याखाली उभा होतास, आत ये म्हटलं तर आला नाहीस. म्हणालास, "जया, एक सांग. टेम्पोची ओळ आहे ना अर्जात?"

मी म्हटलं, "आहे."

तू म्हणालास, "मग ठीक," आणि निघालास. मला वाटलं, उद्या एकदा गल्ली कायमची बंद झाली की टेम्पोचं मी साहेबांशी भांडून करून घेईन, एक रात्र तर आहे. मी परत कागद कापायला लागले. हे मला तेव्हा खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. म्हणून मी ते आधीच्या पत्रांत लिहिलं नसेल. की म्हणूनच लिहिलं नाही, मला माहीत नाही.

तू सोनूबाईंच्या जागेबद्दल एक शब्द बोलला नव्हतास, कारण तू मला ढकलणार नव्हतास. तू थांबला होतास. मी 'नाही' म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस, मला वाटतं मला माहीत आहे. रात्रीच्या रात्री दशरथकाकांकडे गेलो असतो दोघं. शिव्या खाल्ल्या असत्या. सकाळी साहेबांना म्हटलं असतं, ही ओळ घाला, नाहीतर गल्ली तुमची तुम्हाला ठेवा. साहेब 'हो' पण म्हणाले असते कदाचित, त्यांना गल्ली दाखवायची होती.

शकु अजून रस्त्यावर येत नाही. ओट्यावर बसून खेळते. हे कोणी केलं ते मी तुला चार पानं भरून लिहिलं होतं, नाव चुकीचं घातलं.

जया


सोमवार, ३ जून

हरेश्वर,

काल जमात बसली होती, देवळाच्या पडवीत. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायच्या तारखेसाठी. मी गेले.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुका कोणी बोलवल्यान?" मी म्हटलं कोणी नाही. ती पदर खोचून माझ्याबरोबर देवळाच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. पुढे तुझं तू बघ, म्हणाली.

बायका बैठकीत बसत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी खाली पायरीशी उभी राहिले. सगळे माझ्याकडे वळले. मी पाठ करून गेले होते, सगळं विसरले. मग तुटक तुटक सांगितलं. पहिलं पान मी बदललं. सह्यांचं पान तुमचं, पुढचं पान माझं. हरेश्वरला माहीत नव्हतं. त्यानं आदल्या दिवशी मला विचारलं तेव्हा मी त्याला खोटं सांगितलं. त्याच्यावरची बंदी काढा. सोनूबाईंची जागा माझ्यामुळे गेली.

बाळा म्हणून तुमचा तो पुढे बसतो, तो हसला. म्हणाला, "ही आता इंग्रजीत माफी मागंल, सही करायला तयार ऱ्हा." दोघेतिघे हसले. मला त्या क्षणी घरी पळून जावंसं वाटलं. हॉलंडच्या गल्लीत जायला मिळालं असतं तर तिथेसुद्धा गेले असते.

दशरथकाका हसले नाहीत. म्हणाले, "उभी का? वर ये. बस."

मी म्हटलं, बायका बसत नाहीत.

"ज्याला जाब विचारायचा तो समोर बसतो," ते म्हणाले. "बाई आसंल नायतर बापया."

मी बसले. आणि मग हरेश्वर, त्यांनी तासभर मला बोलून घेतलं. एकेकानं. कोणाची मासळी किती वेळा सडली, कोणाची बायको टोपली घेऊन नाक्यावर कशी पडली, कोणी किती शिव्या दिल्या आपल्या ड्रमना. ट्रायल चालू असताना मी रोज त्याच रस्त्यावरून वही घेऊन फिरत होते आणि ह्यातलं एकही माझ्या वहीत नव्हतं. पहाटे पाच ते सात मी झोपलेली असायचे ना. कोणी 'जाऊ दे, लहान आहे' म्हटलं नाही. एकदा धोंडूकाकांनी मला विचारलं, "तुला तरास काय व्हता, टेम्पोचा?" मी म्हटलं काहीच नव्हता. ते म्हणाले, "मंग?" ते वाट बघत राहिले. शेवटी त्यांनीच मान फिरवली.

तुझी बंदी काढली. दशरथकाका म्हणाले, त्यानं खोटा दोष अंगावर घेतला तो जमातीला फसवणंच झालं, त्याबद्दल आल्यावर त्याला वेगळं विचारू. तेव्हा तयारीनं ये.

माझ्याबद्दल ठरलं ते असं. ह्या गल्लीचा कुठलाही कागद मी पुढे लिहायचा नाही. वाचून दाखवायचा नाही. गल्ली परत बंद करायची की नाही ते होड्या परत उतरल्यावर बघतील, मराठीत अर्ज करतील, पहिली ओळ टेम्पोची असेल. त्यात माझी सही सगळ्यांत शेवटी. तीही बाबांच्या नावाखाली.

मी 'बरं' म्हटलं.

सोनूबाईंच्या जागेचं काही होणार नाही. ती बाई उठणार नाही. दशरथकाका बोलून आले मार्केटात, तिनं ऐकून घेतलं नाही. हे मी तुला गोड करून लिहीत नाही. ती जागा गेलीच.

घरी जेवताना आई म्हणाली, बाबांना तू सांग, मी नाही सांगणार. सांगितलं. ते अजून बोलत नाहीत माझ्याशी.

काल सगळे बोलले, पण तुझ्या वाटणीचं कोणी बोललं नाही. मी मध्येच दोनदा मागे वळून बघितलं, तू उगीचच तिथे असशील असं वाटून. ते मला दशरथकाकांकडून नको आणि पत्रानं पण नको. होड्या वर ओढल्या की तू येशील. आधी तुझ्या आईकडे जा, शकुला घेऊन रस्त्यावर एक फेरी मार, आणि मग आमच्या जिन्याखाली येऊन उभा राहा. आत ये म्हणणार नाही. मी खाली येते. तिथे जे बोलायचं ते बोल, मी 'आहे' म्हणणार नाही, 'नाही' म्हणणार नाही, पूर्ण ऐकेन.

जया